उजव्या हाताचं स्वयंपाकघर

भाकरीवर बोटं उमटतात, हे तुम्ही कधी नीट बघितलंय का? थापून झालेली भाकर तव्यावर टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. कडेकडेनं बोटांचे ठसे एका अंगाला कललेले दिसतात. जिचा उजवा हात चालतो तिची बोटं एकीकडं कलतात, जिचा डावा चालतो तिची दुसरीकडं. मला हे माहीत नव्हतं. माझ्या मायलाही माहीत नव्हतं, नाहीतर तिनं तेवढंही शिकवून मला सासरी धाडलं असतं. माझ्या सासूला मात्र माहीत होतं.

मी डावरी. जन्मापासूनची. जेवताना माय उजव्या हातात घास द्यायची, तेवढं मी लवकर शिकले. शाळेत मास्तरांनी छडीनं लिहायचा हात बदलून घेतला. सहावी झाली आणि शाळा सुटली. त्याचं खापर मी हातावर फोडत नाही. घरात धाकटी भावंडं होती, पाणी लांबून आणावं लागायचं, पोरीच्या जातीला सहावी म्हणजे खूप झाली असं सगळ्यांनाच वाटायचं. पण शाळा सुटली त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही, हेही खरं. वाटलं, चला, आता चुलीपाशी तरी हात आपला.

आणि तो होताच आपला. चुलीला जोडून बाजूला एक लहान आळं असतं, चुलीतल्याच जाळावर कडेला वरण शिजत राहावं म्हणून. त्याला वैल म्हणतात. आमच्या पालमकडच्या गावात सगळ्यांच्या घरी वैल बसणारीच्या डावीकडं असायचा, म्हणजे भाकरी थापायला उजवीकडं मोकळं. मी पहिल्यांदा भाकरी करायला बसले तेव्हा मायनं दोन-तीन दिवस नुसतं बघितलं. मग एके सकाळी जुनी चूल फोडली आणि वैल उजवीकडं घेऊन नवी घातली.

शेजारची म्हातारी दारातून डोकावली. "आगं, ही उफराटी चूल कामून घातलीस?"

"वाऱ्यापायी," माय म्हणाली. "धूर डोळ्यात यायलाय लय."

त्या चुलीपुढं मी पाच वर्षं बसले. भाकरी थापायची काटवट डाव्या अंगाला, पिठाचं गाडगं डाव्या अंगाला, पाण्याचा तांब्या हात लांबवला की मिळेल असा. दहा माणसांच्या भाकरी करून उठले तरी पाठ धरायची नाही. चोळी अंगाला बसावी तसं ते स्वयंपाकघर मला बसलं होतं. तेव्हा ते कळलं नाही. बेतशीर चोळी अंगात असताना कुणाला आठवते?

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मला बघायला पाहुणे आले. आदल्या दिवशी मायनं बजावलं, "डावा हात पदराखाली. पानी उजव्या हातानं द्याचं. इचारलं तरच बोलायचं." पाहुण्यांमधल्या एकानं विचारलं, पोरगी शाळा शिकलीय म्हणता, मग नाव लिहून दाखवा. मी उजव्या हातानं पाटीवर नाव लिहिलं. मास्तरांची छडी तेवढी कामाला आली. माझ्या होणाऱ्या सासूबाई पाटीकडं बघून म्हणाल्या, "अक्षर लय देखनं हाय पोरीचं." मायनं सुटकेचा श्वास सोडला तो मला पाठीमागून ऐकू आला.

सासर बोरीच्या पुढं. आजच्या माणसाला ते लांब वाटणार नाही. तेव्हा पालमहून परभणीला एसटी, तिथं तीन-चार तास खोळंबून दुसरी एसटी, बोरीला उतरलं की पुढं बैलगाडी. सकाळी निघालेलं माणूस दिवे लागायच्या सुमाराला पोचायचं. वर्षातून दोनदा माहेरची वाट दिसली तरी नशीब.

तिसऱ्या दिवशी मला चुलीपुढं बसवलं. ते स्वयंपाकघर म्हणजे मातीच्या धाब्याखालची काळीकुट्ट खोली. धूर जायला आणि उजेड यायला छतात एक भोक, त्याला सानं म्हणतात, तेवढंच. अंधार आहे, कुणाला काय दिसतंय, अशा हिशोबानं मी माझ्या हातानं भाकरी थापल्या. दोन झाल्या. तिसरी थापून झाली आणि सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, ती हलकेच उचलली आणि सान्याच्या उजेडाखाली नेऊन धरली.

"ही कुनी थापली?"

"मी, आत्याबाई."

"ते दिसायलंय. कोन्त्या हातानं?"

मी खाली मान घातली.

"तुझ्या मायनं झाकून दिलं व्हय आमाला?"

ती भाकर त्यांनी मोडली आणि म्हशीच्या घमेल्यात टाकली. मारलं नाही, ओरडल्या नाहीत. माझ्याशेजारी बसल्या आणि कानाशी येऊन बोलल्या, "आजपसून पिटाला उजवा हात. आन हे कुनालाच कळू द्याचं न्हाई. माझ्या लेकालाबी न्हाई. मानसं म्हनतील डावरी आनली, देवाचा नैवद्य बाटला. माझ्या पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून. म्या झाकते, तू सुदार."

त्यांनी खरंच झाकलं. माझ्या उजव्या हाताच्या भाकरी फाटायच्या, तव्यावर टाकताना दुमडायच्या, एकीकडं जाड एकीकडं पातळ व्हायच्या. बाहेरच्या खोलीत ताटं जायची तेव्हा आत्याबाई फाटक्या भाकरी आमच्या दोघींसाठी ठेवायच्या आणि स्वतः थापलेल्या बाहेर पाठवायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सुनंनंच केल्यात." घरात 'डावा' हा शब्दही कुणी उच्चारू नये याची त्या काळजी घ्यायच्या. "तिकडचा तांब्या दे," असं म्हणायच्या.

आमच्या ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही म्हणाल, नवऱ्याला कसं कळलं नसेल? बायकोचा हात कोणता हे कळायला नवऱ्यानं चुलीपाशी बसावं लागतं. पुरुष बाहेरच्या खोलीत जेवायचे, आम्ही मागून. ह्यांच्यासमोर मी तांब्या धरला तरी उजव्या हातानंच. वाटायचं, कळलं तर परत नेऊन सोडतील. परत म्हणजे दोन एसट्यांच्या पलीकडं, मायच्या दारात. आणि तिथं माझ्यामागं दोन बहिणी होत्या.

त्याच वर्षी मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. त्यातले पहिले काही मला आठवत नाहीत. गाडीत चारा अंथरून, वर गोधडी टाकून आत्याबाईंनी मला बोरीच्या दवाखान्यात नेलं, तिथून जिंतूरला. लोक म्हणत होते, माहेरी कळवा, पोरगी काही वाचत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या घरची हाय, म्याच बगते." भाताची पेज त्यांनी बोटभर बोटभर माझ्या ओठाला लावली. अंगाखालचं धुतलं. डोक्यावरचे केस मूठमूठ गळाले तेव्हा तेल चोळत बसल्या. सख्ख्या मायनं यापेक्षा काय केलं असतं? मी आज हे लिहायला आहे ती त्यांच्यामुळं. हे आधी सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणाला वाटेल बाई उपकार विसरली. विसरले असते तर बरं झालं असतं, असंही कधीकधी वाटतं.

उठून बसायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "देवानं तुला परत दिलं. आता हातबी सुदरंल." मी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांना नाही म्हणायचा माझा हक्क संपला.

दोन वर्षांनी पावसाळ्यात स्वयंपाकघराची मागची भिंत खचली. मला तेव्हा पाचवा महिना होता. ह्यांनी ठरवलं, आता धाबं नको, नवी खोली काढू, वर पत्रे घालू. आणि एका दुपारी आत्याबाई शेतात गेलेल्या असताना हे दारात उभं राहून म्हणाले, "सैपाकघर कसं पायजे? तुपल्या मनानं सांग. बसायचं तुलाच हाय."

आमच्या गावात त्या काळी कुठल्या नवऱ्यानं असं विचारलं असेल, मला माहीत नाही. मला रडू आलं. पुढं आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. आत्याबाई बाहेर गेल्या की खचलेल्या भिंतीपाशी पाट टाकून बसायची, हात लांबवायची, आणि तो जिथं पुरतो तिथं कोळशानं खूण करायची. खिडकी चुलीच्या समोर, बसलं की डोळ्याला लागेल एवढ्या उंचीवर. धूर जाईल, आणि रानापलीकडची सडक दिसेल. त्या सडकेवरून बोरीची एसटी आमच्याकडं न थांबता जायची. चूल कोपऱ्यात, भिंत उजव्या अंगाला, डावं अंग मोकळं. वैल उजवीकडं. डावीकडं हात पुरेल तिथं दोन कोनाडे, एक तिखट-मिठाला, एक पिठाला. पाण्याची घडवंची त्याच अंगाला, म्हणजे उठावं लागू नये. जळणाच्या पळाट्या आणि तुराट्या दाराच्या आडोशाला, ओल लागणार नाही अशा. आणि पाठीमागं एक बुटका कट्टा. भाकरी झाल्या की मागं सरकून त्याला पाठ टेकायची. हा कट्टा मी कुठंच बघितलेला नव्हता. पोट पुढं यायला लागल्यावर पाठीनंच तो सुचवला.

हे सगळं मी कॅलेंडरच्या पानाच्या मागं ह्यांच्या पेन्सिलीनं काढलं. ह्यांच्यासमोर, उजव्या हातानं, वेडंवाकडं. मी चुलीपुढं बसलेय असं धरून.

"हिकडं वैल," मी म्हणाले. "हिकडं पानी, हिकडं कोनाडे."

"हिकडं म्हंजे कुनीकडं?"

माझ्या तोंडाशी शब्द आला आणि मी तो गिळला. घरात तो बोलायचा नव्हता. आणि बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता: डावीकडंच कशाला?

"म्या काढलंय तसंच," मी म्हणाले.

"बरं बाई, तसंच," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी खिशात घातली.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात भाऊ न्यायला आला. मी निघाले तेव्हा पाया भरून झाला होता. माहेरी मायच्या त्या उफराट्या चुलीपुढं बसले आणि कितीतरी दिवसांनी माझ्या हातानं भाकरी केल्या. अंगातली गाठ सुटावी तसं वाटलं. मायला मी नव्या स्वयंपाकघराचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जावयाला सांगितलंस का, कामून ते?" मी म्हणाले, नाही. मायच्या तोंडावर सावट आलं. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

मुलगी झाली. ह्यांचं पत्र आलं: खोली झाली, पत्रे पडले, तू येशील तेव्हा बघ. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

तीन महिन्यांची पोर घेऊन मी परत आले तेव्हा बोरीच्या स्टँडवर हे गाडी घेऊन आले होते. वाटेत कितीही विचारलं तरी "बगशील की" एवढंच. घरी आळीतल्या बाया जमलेल्या. पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्या मिळून मला त्या खोलीत घेऊन गेल्या.

खिडकी होती. मी सांगितलेल्या उंचीवर, लाकडी गज लावलेली, आणि तिच्यातून सडक दिसत होती. पाठीमागं कट्टा होता, वर शहाबादी फरशी बसवलेली. भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. एवढं उजेडाचं स्वयंपाकघर मी सासरी कुणाच्याच घरी बघितलं नव्हतं.

चूल कोपऱ्यात होती. भिंत डाव्या अंगाला. वैल डाव्या अंगाला. कोनाडे, घडवंची, सगळं उजव्या हाताला.

"नशीब काढलंस गं बाई," एक म्हणाली. "आमचे डोळे गेले धुरानं, आन हिला खिडकी!"

"खिडकीत बसून मालकाची वाट बगायची आसंल," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

हे दारात उभे होते, खुशीत. "आगं, तुझा कागद बगून मिस्त्री म्हनला, वैनीनी समदं उलटं काढलंय. म्या म्हनलं, आसंल, तिला कुठं सवय नकाशाची. तरी आईला इचारून घेतलं. आई म्हनली, पोर हाय, गोंधळली आसंल, सुलटं करा."

आत्याबाई पोरीचे पाय पुसत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"कसं झालंय?" ह्यांनी विचारलं.

"लय झ्याक झालंय," मी म्हणाले.

बाया गेल्यावर, हे बैल सोडायला गेल्यावर, मी विचारलं. आयुष्यात त्यांना एवढं एकदाच विचारलं. "आत्याबाई, तुमाला तर ठावं व्हतं."

"ठावं व्हतं म्हनूनच," त्या म्हणाल्या. आवाज वाईट नव्हता, समजुतीचा होता. "भित आडवी आली की हात आपसूक वळतो. तुझ्या भल्याचंच हाय." मग पोरीला माझ्या मांडीवर देत म्हणाल्या, "त्या तापात गेली आसतीस तर कोन्ता हात राहिला आसता, सांग बरं?"

मी पोरीला पदराखाली घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात माझं कोपर वरणात गेलं. पोर रडली म्हणून मी घाईत होते, घाईत हात आपली वाट घेतो. डावा हात काटवटीकडं झेपावला आणि वैलावरच्या खदखदत्या भगुण्यात कोपर बुडालं. रुपयाएवढा डाग अजून आहे. ह्यांना सांगितलं, पाय घसरला. कोरफडीचा गर आत्याबाईंनी लावला, दहा-बारा दिवस रोज सकाळी, फुंकर घालून. पुन्हा उपकार.

पुढची वर्षं मी त्या खोलीत काढली. उजवा हात हळूहळू शिकला. मान आणि डावा खांदा दुखायचा, कारण सगळं अंग एकीकडं पिळून बसावं लागायचं. गावातल्या बाया माझ्या खिडकीची तारीफ करायच्या, आणि मी खिडकीचे आभार मानायची, खोटं नाही. दुपारच्या एसटीचा धुरळा दिसला की हातातलं काम थांबायचं. बाकी माझी सगळी नजर पोरीच्या हातावर. ती रांगायला लागल्यापासून मी तिच्यापुढं खुळखुळा धरायची, कोणता हात पुढं येतो ते बघायला. उजवा यायचा. तरी दुसऱ्या दिवशी परत धरायची. पोर हसायची, तिला खेळ वाटायचा.

पोर चार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात आत्याबाई पाथरीकडं भावाच्या घरच्या लग्नाला गेल्या, महिनाभरासाठी. आणि त्याच आठवड्यात ह्यांच्या पावलावर बैलाचा पाय पडला. पाय सुजून टम्म. शेतात जाता येईना, बाहेर एकटं करमेना, म्हणून हे सकाळी स्वयंपाकघरात येऊन त्या कट्ट्यावर बसायला लागले. माझ्या पाठीसाठी केलेल्या कट्ट्यावर. पहिले दोन दिवस मी सांभाळलं. तिसऱ्या दिवशी पोर माझ्या उजव्या दंडाला येऊन लोंबकळली, तव्यावरची भाकर करपायला लागली, आणि मी डाव्या हातानं ती चटकन उलटली.

"तू डावरी हायस का गं?"

मी वळून बघू शकले नाही. "कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? बगायलोय की."

मग मी सगळं सांगितलं. पाटीपासून. म्हशीच्या घमेल्यात गेलेली भाकर, कागद, कोपर. रडत, नाक ओढत. तव्यावरची भाकर कोळसा झाली. हे ऐकत होते आणि मी वाट बघत होते, आता बोलतील, आता म्हणतील माझी फसवणूक केली तुम्ही मायलेकींनी.

हे हसले.

"एवढंच व्हय? आगं बैल आनला तर पैलं बगतेत, कोन्त्या अंगाला चालतो. आपला तांबडा डाव्या अंगाचा. उजवीकडं जुपला तर दिसभर औत वढनार न्हाई. म्या कदी जुपला का त्याला उजवीकडं?" सुजलेला पाय त्यांनी कट्ट्यावर घेतला. "मला सांगायचं व्हतंस येड्ये. मिस्त्रीला म्हनलो आसतो, कागदात हाय तसं बांद."

चांगला माणूस होता. याहून चांगलं कुणी काय बोलणार? पण त्या 'एवढंच'चा मला जो राग आला तसा राग मला ना सासूचा आला, ना मास्तरांचा. ते चिडले असते तर माझ्या इतक्या वर्षांच्या भीतीला काही किंमत राहिली असती. एका शब्दात त्यांनी ती फुकटची ठरवली. आणि बैलाचं अंग बघणाऱ्या ह्या माणसानं सहा-सात वर्षं माझ्या हातची भाकर खाल्ली, एकदाही आत येऊन बघितलं नाही, हे मला त्याच वेळी सुचलं. मी तव्यावरचा कोळसा घमेल्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी लंगडत येऊन त्यांनी पहारीनं चूल फोडली. "घाल तुपल्या मनासारखी."

वारुळाची माती आणली, भुसा घातला, दोन दिवस मुरवली. भिंत तर हलणार नव्हती, म्हणून चूल कोपऱ्यातून काढून पुढं, मोकळ्यात घेतली. वैल उजवीकडं. वाळेपर्यंत तीन दगडांवर भागवलं. मग एका सकाळी सारवून, हळदकुंकू वाहून बसले. काटवट डावीकडं. पीठ मळलं. डाव्या हातानं थापायला लागले.

भाकर फाटली.

दुसरी फाटली. मी हातावर पाणी घेतलं, पीठ पुन्हा मळलं. बोटं तिथंच होती, पण ताल गेला होता. हात थापायचा, भाकर फिरायची नाही. इतक्या वर्षांत उजव्यानं त्याचं सगळं काढून घेतलं होतं. आणि घाईत आता उजवाच हात पुढं व्हायचा, तर वैल त्याच अंगाला. त्या आठवड्यात माझं उजवं कोपर दोनदा पोळलं. हे तुकडे खायचे आणि म्हणायचे, "चव तीच हाय की." रोज मी म्हणायची, उद्या जमेल. माहेरी जमलं होतं, मग इथं का नाही? बाराव्या दिवशीही भाकर गोल झाली नाही.

आत्याबाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातूनच त्यांनी चूल बघितली. घरातली चूल मोठ्या बाईनं घालायची, असा आमच्याकडं रिवाज. त्या हयात असताना मी घातली होती. मला वाटलं, आता काय होतंय कुणास ठाऊक. हे म्हणाले, "आई, म्याच फोडली. तिला तसं पायजे व्हतं." आणि बैलांकडं निघून गेले.

आत्याबाई आत आल्या आणि कट्ट्यावर बसल्या. प्रवासानं थकलेल्या दिसत होत्या.

"सांगितलंस व्हय त्याला?"

"त्यांनीच बगितलं."

"काय म्हनला?"

"एवढंच व्हय, म्हनले."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "थाप बगू एक."

मी थापली. डाव्या हातानं, जीव लावून. उचलताना मधोमध फाटली. मी तशीच तव्यावर टाकली, पुढं काय करायचं कळेना म्हणून.

त्यांनी टोमणा मारला नाही. तो मारला असता तर मी कदाचित हट्टानं तिथंच बसून राहिले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, "आता न्हाई व्हायचं गं ते. लय उशीर झाला." त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. ते असायला हवं होतं.

सोमवारी चूल परत कोपऱ्यात गेली, वैल डावीकडं. घातली आत्याबाईंनी, रिवाजाप्रमाणं. त्यांच्या हाताला माती मळायचा जोर राहिला नव्हता, म्हणून माती मी मळली. भुसा टाकला, पाणी मारलं, गुडघे टेकून मळत बसले. माती मळायला दोन्ही हात लागतात. खिडकीतून बाहेर एसटीचा धुरळा उठलेला दिसला, पण मी थांबले नाही. त्या "आन" म्हणाल्या की मी गोळा पुढं करायची, आणि कोणत्या हातानं करतेय ते आम्ही दोघीही बघत नव्हतो.